कोर्टाची नक्कल हवी? अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत, आणि तारीख चुकली तर काय

समजा, धरणासाठी एकाच गावातली दोन वावरे गेली. दोन्ही वावरांचा बांध एकच, माती एकच, विहिरीचे पाणीही सारखेच. भूसंपादन अधिकाऱ्याने दोघांनाही सारखाच दर लावला. एका कास्तकाराने तो दर मान्य न करता कोर्टात धाव घेतली. दुसऱ्याने पेशीला जाण्या-येण्याचा खर्च पाहून नाद सोडला. काही वर्षांनी कोर्टाने पहिल्याचा मोबदला वाढवला. आता दुसऱ्याला त्या वाढीव दराचा फायदा मिळेल का?

मिळू शकतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २८-अ आणि २०१३ च्या नव्या कायद्यातील कलम ७३ त्यासाठीच आहेत. एकाच अधिसूचनेखाली ज्यांची जमीन गेली, पण जे स्वतः कोर्टात गेले नाहीत, त्यांना शेजाऱ्याच्या निकालाच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांकडे मोबदला पुन्हा ठरवून मागता येतो. अट एकच आणि ती कडक आहे: कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी अर्ज हवा. निवाड्याची नक्कल मिळवण्यात गेलेला काळ या तीन महिन्यांतून वगळला जातो. म्हणजे शेजाऱ्याच्या निकालाची बातमी पारावर ऐकली, तरी खरे काम कोर्टातील नक्कल विभागाच्या खिडकीपाशी सुरू होते.

यवतमाळ जिल्ह्यात ही कल्पनेतली गोष्ट नाही. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाच्या भूसंपादनाची प्रकरणे यवतमाळच्या न्यायालयात चालली आणि त्यांची अपिले उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. जमीन असो, अपघाताची भरपाई असो, घटस्फोट असो की फौजदारी खटला, कोर्टाचा कागद हातात नसेल तर पुढचे दार उघडत नाही. तो कागद मिळवायचा कसा, याची माहिती मात्र बहुतेकांना वकिलाच्या कारकुनाकडून तुकड्यातुकड्यांनी मिळते.

आधी फाइल कुठे आहे ते ओळखा

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. तालुक्याच्या ठिकाणी साधारणपणे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर बसतात आणि तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी कामही पाहतात. मोठ्या रकमेचे दावे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातात. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर खटले सत्र न्यायालयात चालतात. जिल्हा व सत्र न्यायालयाचे मुख्य ठिकाण यवतमाळ. पुसद, दारव्हा आणि केळापूर म्हणजे पांढरकवडा येथेही अतिरिक्त सत्र न्यायालये आहेत. त्यामुळे उमरखेड-महागावकडच्या माणसाला प्रत्येक कामासाठी शंभर किलोमीटर दूर यवतमाळला यावे लागते असे नाही. त्याची फाइल पुसदला असू शकते. निघण्यापूर्वी ते पाहून घेतले तर एक मजुरीचा दिवस वाचतो.

दिवाणी आणि फौजदारी या दोन वाटा वेगळ्या आहेत. जमिनीची वाटणी, मनाई हुकूम, पैशाची वसुली, वारसा हे दिवाणी काम. मारहाण, चोरी, फसवणूक, अपघातात निष्काळजीपणा हे फौजदारी. रस्ता अपघाताची भरपाई मागण्याचा अर्ज मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत भरत असल्याने अनेकांना तो फौजदारी खटल्याचाच भाग वाटतो. एकाच अपघाताच्या दोन फाइली असतात आणि दोन्हींच्या नकला वेगवेगळ्या मागाव्या लागतात.

सर्वाधिक हेलपाटे पडतात ते महसुली कागदांच्या बाबतीत. सातबारा, आठ-अ, फेरफार, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हे कोर्टाचे रेकॉर्ड नाही. ते तलाठी, तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडे मिळते. तहसीलदारापुढे चाललेल्या फेरफाराच्या तक्रारीची किंवा रस्त्याच्या वादाची फाइल तहसीलमध्येच असते. गावात भांडण झाल्यावर पोलीस जी ‘चॅप्टर केस’ करतात, तीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे चालते. नावात ‘दंडाधिकारी’ असल्याने लोक कोर्टात चौकशी करतात आणि रिकाम्या हाताने परततात.

काही प्रकरणे जिल्ह्याच्या कोर्टाला वळसा घालून थेट नागपूरला जातात. पांढरकवडा परिसरातील अवनी वाघिणीला पकडण्या-मारण्याच्या आदेशाविरुद्धची लढाई २०१८ मध्ये नागपूर खंडपीठात आणि मग सर्वोच्च न्यायालयात झाली. घटना यवतमाळ जिल्ह्यातली असली तरी त्या आदेशांच्या नकला यवतमाळला मिळणार नाहीत.

मोबाइलवर काय दिसते, काय नाही

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी ॲप मोफत आहे. त्यावर जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील प्रकरणांची पुढची तारीख, टप्पा, आधीच्या तारखांना काय झाले आणि अपलोड झालेले आदेश व न्यायनिर्णय पाहता येतात. शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सीएनआर क्रमांक. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, प्रकरणाचे सहा अंक आणि शेवटी चार अंकी वर्ष. प्रकरण नागपूरला अपिलात गेले तर तिथे त्याला वेगळा क्रमांक पडतो, पण खालच्या कोर्टातला सीएनआर तोच राहतो. वकिलाकडून पहिल्याच दिवशी हा क्रमांक लिहून घ्यावा.

क्रमांक नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोधता येते. इथे अडचण स्पेलिंगची. राठोड, चव्हाण, जाधव, पवार, आडे ही आडनावे जिल्ह्यात इतकी आहेत की यादी संपत नाही, आणि इंग्रजीत एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. नावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकून पाहावे, किंवा एफआयआर क्रमांक व पोलीस ठाण्यावरून शोधावे.

ॲपवरून उतरवलेला निकाल वाचायला, वकिलाला पाठवायला, काय झाले ते समजून घ्यायला उत्तम. पण तो ‘प्रमाणित नक्कल’ नाही. अपील दाखल करताना, बँकेत, भूसंपादन कार्यालयात किंवा पासपोर्टच्या कामात शिक्का-सहीची नक्कल मागितली जाते आणि ॲपचा छापील कागद नाकारला जातो. शिवाय ॲपवर फक्त आदेश असतात. दाव्याची प्रत, कैफियत, साक्षीदारांचे जबाब, दाखल कागदपत्रे यांसाठी खिडकी गाठावीच लागते.

अर्ज कसा लिहायचा

नक्कल विभाग प्रत्येक न्यायालयात असतो. छापील अर्ज मिळतो, साध्या कागदावरही लिहिता येतो. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि नकलेची फी पानांच्या हिशेबाने भरावी लागते. तातडीची नक्कल हवी असेल तर जादा फी. दर वेळोवेळी बदलतात आणि ते नक्कल विभागाकडे विचारता येतात.

अर्जात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, दोन्ही बाजूंची नावे, निकालाची किंवा पुढची तारीख, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध आणि मोबाइल नंबर एवढे हवेच. प्रकार लिहायला विसरू नये. नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, दरखास्त, किरकोळ अर्ज यांचे क्रमांक स्वतंत्र चालतात. ‘४५ नंबरची २०१९ ची केस’ एवढ्यावर फाइल सापडत नाही, कारण त्या वर्षी त्याच कोर्टात ४५ क्रमांकाची चार प्रकरणे असू शकतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेमका कोणता कागद हवा ते. कोर्टात दाखल प्रत्येक कागदाला ‘निशाणी’ क्रमांक पडतो. दावा बहुधा निशाणी १, तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज निशाणी ५. ‘संपूर्ण फाइलची नक्कल द्यावी’ असा अर्ज केला की पाने शेकड्यात जातात, पैसे वाढतात आणि वेळही लागतो. निशाणी क्रमांक माहीत नसेल तर आधी फाइलची पाहणी करण्याचा अर्ज देता येतो. पक्षकार किंवा त्याचा वकील ठरलेली फी भरून कर्मचाऱ्यासमोर फाइल पाहू शकतो आणि हवे ते क्रमांक टिपून घेऊ शकतो.

फाइलमधला एक कागद बहुतेक लोक मागतच नाहीत, तो म्हणजे रोजनामा. प्रत्येक तारखेला कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोर्टाने काय सांगितले याची ती नोंद असते. ‘माझा वकील हजरच राहिला नाही’ किंवा ‘मला समन्सच मिळाले नाही’ असे वरच्या कोर्टात सांगायचे असेल तर रोजनाम्याची नक्कल तोंडी कैफियतीपेक्षा जास्त बोलते.

निकाल, न्यायनिर्णय, हुकूमनामा

बोलीभाषेत सगळ्यालाच ‘निकाल’ म्हणतात. कोर्टाच्या कागदांत फरक आहे. न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशाने कारणांसह लिहिलेला निर्णय. त्यावरून तयार होतो तो हुकूमनामा: कोणाला काय मिळाले, किती खर्च, कोणते गट क्रमांक, याचा नेमका मसुदा. अंमलबजावणीसाठी, म्हणजे दरखास्त दाखल करायला हुकूमनामा लागतो. न्यायनिर्णयाचे कारण वाचल्याशिवाय अपील लिहिता येत नाही. म्हणून दोन्हींच्या नकला एकाच अर्जात मागाव्यात.

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार हुकूमनामा निकालानंतर १५ दिवसांत तयार व्हायला हवा. तो तयार नसला तरी न्यायनिर्णयाची नक्कल जोडून अपील दाखल करण्याची सोय त्याच संहितेत आहे. ‘अजून डिक्री बनली नाही’ हे ऐकून महिनाभर थांबणाऱ्यांचे यात नुकसान होते.

मुदतीचे गणित

नकलेचा अर्ज कधी दिला, यावर अनेकदा अख्खे अपील अवलंबून असते. तालुका न्यायालयाच्या दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. उच्च न्यायालयात अपील असेल तर ९० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार निकालाचा दिवस धरत नाहीत आणि नक्कल मिळवायला ‘लागलेला’ काळ वगळतात.

उदाहरण घेऊ. निकाल ३ जूनला लागला. साधे ३० दिवस ३ जुलैला संपतात. ६ जूनला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल १६ जूनला तयार झाली. अर्जाचा आणि तयार झाल्याचा दिवस धरून ११ दिवस वगळले जातील आणि अपिलाची शेवटची तारीख १४ जुलै होईल.

आता पुढची खोच. नक्कल १६ जूनला तयार होती, पण पेरणीच्या धांदलीत ती १० जुलैला नेली. तरीही शेवटची तारीख १४ जुलैच राहील. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली तो काळ वगळला जात नाही. फी कमी पडली, ती भरायला सांगितले आणि अर्जदाराने आठ दिवस लावले, तर ते आठ दिवसही त्याच्याच खात्यात जातात. प्रमाणित नकलेवर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख नोंदलेली असते. वरचे कोर्ट आधी त्या तारखा पाहते.

तसेच, हुकूमनामा तयार करायला कोर्टाला लागलेला काळ नकलेच्या अर्जाआधीचा असेल तर तोही वगळला जात नाही, असे कलम १२ चे स्पष्टीकरण सांगते. थोडक्यात, आधी डिक्री होऊ द्या मग अर्ज करू, हा हिशेब उलटा पडतो. निकालाच्या दिवशीच, नाही तर दुसऱ्या दिवशी अर्ज टाकावा. अपील करायचे की नाही ते घरी बसून नंतर ठरवता येते. नक्कल काढली म्हणजे अपील करावेच लागते असे नाही.

शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर कोर्ट उघडण्याच्या दिवशी अपील दाखल करता येते. मुदत उलटूनच गेली तर उशीर माफ करण्याचा अर्ज असतो, पण तिथे प्रत्येक दिवसाचे पटेल असे कारण द्यावे लागते आणि माफी हा हक्क नसतो.

फौजदारी खटल्यात काय फुकट मिळते

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, नकलेचे मुख्य हक्क तेच राहिले, काही वाढले. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, नव्या संहितेत पीडितालाही. आरोपीला दोषारोपपत्र, जबाब आणि त्यासोबतची कागदपत्रे मोफत द्यावी लागतात. त्यासाठी नव्या संहितेत १४ दिवसांची मर्यादा घातली आहे, आणि पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही ही प्रत मिळते.

तुरुंगवासाची शिक्षा झाली तर आरोपीला न्यायनिर्णयाची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यायची असते. त्यासाठी कोणालाही काही द्यावे लागत नाही. सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात. फाशीच्या शिक्षेत मात्र ३० दिवसच. आरोपी सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडितालाही स्वतः अपील करता येते. त्याला नक्कल अर्ज करून घ्यावी लागते आणि अनेक कुटुंबे इथेच मागे पडतात, कारण ‘सरकारी वकील बघून घेतील’ असे गृहीत धरलेले असते.

एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. दोषारोपपत्राचे तसे नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणी त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली.

आपली केस नसेल तर

पक्षकाराला त्याच्या प्रकरणातल्या कागदांची नक्कल मागण्याचा हक्क आहे. तिऱ्हाईताला कारण सांगावे लागते, शपथपत्र द्यावे लागू शकते आणि परवानगी न्यायाधीश देतात. निकाल लागल्यावर न्यायनिर्णय किंवा आदेशाची नक्कल मिळणे तुलनेने सोपे असते. प्रकरण चालू असताना कठीण, आणि दुसऱ्याने दाखल केलेल्या कागदांची नक्कल सर्वांत कठीण.

सुरुवातीच्या उदाहरणातला शेजारी कास्तकार हा असाच तिऱ्हाईत. त्याने अर्जात कलम २८-अ किंवा ७३ चा उल्लेख करावा, आपली जमीन त्याच अधिसूचनेत गेल्याचा कागद जोडावा आणि तीन महिन्यांची मुदत चालू असल्याचे स्पष्ट लिहावे. जमीन विकत घेण्यापूर्वी तिच्यावर दावा चालू आहे का ते तपासणाऱ्यालाही असेच कारण देता येते.

बालकांचे आणि लैंगिक गुन्ह्यांचे खटले तसेच वैवाहिक प्रकरणे यांत गोपनीयतेचे कडक नियम आहेत. तिथे बाहेरच्या माणसाने अर्ज करून हाती फारसे काही लागत नाही, आणि लागूही नये.

अमेरिकेत काउंटी कोर्टाच्या क्लर्ककडे जाऊन कोणीही दुसऱ्याच्या दाव्याची फाइल पाहू शकतो, असे परदेशी राहणारे नातेवाईक सांगतात. तिथे उघडेपणा हा नियम आहे आणि बंदिस्त फाइल हा अपवाद. इथे सुनावणी उघड्या कोर्टात होते, पण फाइलसाठी आधी संबंध विचारला जातो. परदेशात दुसरे लग्न, व्हिसा किंवा पेन्शनच्या कामाला इथल्या घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो तेव्हा प्रमाणित नकलेवर अपोस्टिल करून घ्यावे लागते. त्या करारात भारत २००५ पासून आहे. अशा वेळी दोन-तीन नकला एकदमच मागवणे शहाणपणाचे.

माहिती अधिकारात मिळेल का?

गावोगावी दिला जाणारा सल्ला असा की ‘दहा रुपयांचा स्टॅम्प लावा, माहिती अधिकार टाका’. कोर्टाच्या फाइलसाठी तो उपयोगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले की न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत नकलेची व्यवस्था असताना न्यायिक कागद माहिती अधिकारात मागता येत नाहीत. कोर्टाच्या प्रशासकीय बाबींसाठी, म्हणजे भरती, खर्च, रिक्त पदे यांसाठी माहिती अधिकार चालतो. खटल्यातल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत अपिलाची मुदत निघून जाते.

मूळ खरेदीखत कोर्टात अडकले आहे

दाव्यात मूळ खरेदीखत, इसारपावती, वाटणीपत्र दाखल केलेले असते आणि निकालानंतर वर्षानुवर्षे ते फाइलमध्येच पडून राहते. ते परत मागता येते. अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपिलाचा निकाल लागल्यावर मूळ कागद परत मिळतो. त्याआधीही, त्याची प्रमाणित प्रत फाइलला ठेवून आणि गरज पडल्यास मूळ कागद हजर करण्याची हमी देऊन तो मागता येतो. जुन्या फाइली ठरावीक वर्षांनी नष्ट केल्या जातात, हे लक्षात घेतले तर हा अर्ज टाळू नये.

कोर्टाचे सगळे रेकॉर्ड कायम ठेवले जात नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार कागदांचे वर्ग पाडलेले असतात, काही कायमचे जपले जातात आणि बाकीचे मुदतीनंतर नष्ट होतात. निकाली प्रकरणे काही काळाने अभिलेख कक्षात जमा होतात, त्यामुळे तालुक्यातल्या जुन्या फाइलसाठी यवतमाळच्या अभिलेख कक्षाकडे विचारावे लागू शकते. प्रकरण अपिलात असेल तर मूळ फाइल नागपूरला मागवलेली असते. ‘रेकॉर्ड वर गेले आहे’ असा शेरा मारून अर्ज परत येतो, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. नागपूर खंडपीठाकडेच नकलेचा अर्ज करावा लागतो.

फार जुन्या कागदांचा माग काढताना जिल्ह्याचा इतिहासही आठवावा लागतो. हा भाग वऱ्हाडात होता. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे नावच ‘वणी’ होते. लोकनायक बापूजी अणे मूळचे त्याच वणीचे आणि वकिली यवतमाळला करत. उच्च न्यायालय १९३६ पासून नागपूरचे होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ झाले. पणजोबांच्या काळातल्या अपिलाचा शोध मुंबईत घेणारे म्हणूनच चुकीच्या शहरात उभे असतात.

ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यात जुन्या फाइलींचे स्कॅनिंग हे मोठे काम आहे. ते पूर्ण झाल्यावर अभिलेख कक्षातला शोध सोपा होईल अशी अपेक्षा आहे. तोवर क्रमांक आणि वर्ष लिहिलेला जुना समन्सचा कागद जपून ठेवणे हाच उपाय.

यवतमाळचा कागद बासेलला

२०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. त्यांपैकी दोघांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी जून २०२१ मध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधील बासेलच्या दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले आहेत.

हजारो किलोमीटर दूरच्या न्यायालयात यवतमाळचा माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ इथलेच कागद असतात: पोलिसांच्या नोंदी, रुग्णालयातले पेपर, शवविच्छेदन अहवाल. कोणते औषध फवारले त्याचे नाव त्या दिवशी कागदावर आले असेल तरच पुढे वाद घालता येतो. आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा आणि जबाबांच्या प्रती कुटुंबाने तेव्हाच मागून ठेवल्या तर वर्षांनंतर शोधाशोध होत नाही. सरकारी मदतीच्या प्रस्तावालाही हेच कागद लागतात.

घरचा कर्ता गेल्यावर त्याच्या नावावरची ठेव काढायला, नामनिर्देशन नसेल तर, बँक अनेकदा दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. तहसीलदाराचा वारसदाखला तिथे पुरेसा ठरेलच असे नाही. दोन्ही कागद वेगळे, देणारी कार्यालयेही वेगळी.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार सर्व महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे आणि जिल्ह्यातील प्रत्येक स्त्री यात थेट बसते.

मोफत सहाय्य म्हणजे फक्त वकील नव्हे. कोर्ट फी, प्रमाणित नकला मिळवून देणे, अपिलाचे कागद तयार करणे आणि भाषांतर हेही त्यात येते. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असली तरी अनेक न्यायनिर्णय इंग्रजीत येतात, तेव्हा भाषांतराची ही सोय कामाची. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि पक्षकारांना त्याची प्रत विनामूल्य मिळते. सही करण्याआधी तो वाचून घ्यावा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्यांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. फोन करताना किंवा अर्ज देताना प्रकरणाचा क्रमांक, निकालाची तारीख आणि नकलेच्या अर्जाची पोच जवळ ठेवावी. पोच देताना नक्कल केव्हा मिळेल ते विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे.